अमेरिकेत आमदार सिनेटर निवडायचे तेव्हा

दगडी_पूल (धागाकर्ता)

राज्यसभेची निवडणूक आली की इथे कुणीतरी सुचवतंच, की आमदारांऐवजी थेट लोकांनी हे खासदार निवडावेत. मग दुसरा कुणी म्हणतो, 'अमेरिकेने १९१३ मध्येच बदललं ते', आणि चर्चा तिथेच थांबते. का बदललं आणि बदलायला सव्वाशे वर्षं का लागली, हे राहूनच जातं. सध्या यावरच वाचन चालू आहे, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आमदार पैसे खायचे म्हणून ती पद्धत गेली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पैसे खाल्ले जायचेच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच. सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा, सदस्य) निवडायचा अधिकार राज्यांना दिला तो केंद्रापुढे राज्यांचं वजन राहावं म्हणून, आणि त्याच अधिकारापायी राज्यांच्या विधिमंडळांचं स्वतःचं काम बंद पडत गेलं.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला मंडळी जमली, तेव्हा सिनेट कुणी निवडायची यावर तीन-चार मतं होती. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन म्हणत होते, लोकांनीच निवडावी. व्हर्जिनियाच्या आराखड्यात राज्यांनी नावं सुचवायची आणि खालच्या सभागृहाने त्यातून निवडायचं, असं होतं. ७ जूनला डेलावेअरच्या जॉन डिकिन्सन यांनी प्रस्ताव मांडला की राज्यांच्या विधिमंडळांनी सिनेटर निवडावेत, आणि तो मान्य झाला. पुढे जुलैमध्ये प्रत्येक राज्याला सारख्याच दोन जागा ठरल्या. मुदत सहा वर्षं.

गंमत म्हणजे घटनेने 'विधिमंडळ निवडेल' एवढंच म्हटलं, कसं निवडेल ते सांगितलं नाही. बहुतेक विधिमंडळांना दोन सभागृहं. दोघांनी वेगवेगळं मतदान करायचं की एकत्र बसायचं? एकत्र बसलं तर मोठ्या सभागृहाची सरशी होणार, वेगळं बसलं तर धाकटं सभागृह अडवून धरणार. पहिल्याच वर्षी न्यू यॉर्कच्या दोन सभागृहांचं यावरून जुंपलं. तेव्हा देशाची राजधानी न्यू यॉर्क शहरच होती. ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टन यांचा शपथविधी तिथेच झाला, आणि यजमान राज्याचा एकही सिनेटर सभागृहात नव्हता. जुलैमध्ये कुठे दोघं निवडले गेले.

१८५५ मध्ये इंडियानात हाच खेळ झाला. वरच्या सभागृहातल्या डेमोक्रॅट मंडळींनी संयुक्त बैठकीलाच नकार दिला आणि ती जागा दोन वर्षं रिकामी राहिली. कॅलिफोर्नियाचीही एक जागा जवळपास त्याच काळात तशीच पडून होती.

अखेर १८६६ मध्ये केंद्रानेच कायदा केला. पहिल्या दिवशी दोन्ही सभागृहांनी आपापल्या जागी, नाव पुकारून, उघड मतदान करायचं. दोन्हीकडे एकाच माणसाला बहुमत मिळालं तर संपलं. नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता संयुक्त बैठक. तिथे कुणालाही स्पष्ट बहुमत मिळेना, तर निवड होईपर्यंत किंवा अधिवेशन संपेपर्यंत रोज किमान एक फेरी घ्यायचीच.

हे शेवटचं कलम घातलं होतं गाडी पुढे सरकावी म्हणून. झालं उलटंच. रोज दुपारी बारा वाजले की कामकाज बाजूला ठेवून सगळे मतदानाला बसणार. रस्ते, शाळा, कर, अंदाजपत्रक हे सगळं थांबलेलं. कोणत्या विधेयकाला कोण पाठिंबा देतो, हेही 'तू माझ्या सिनेटरला मत देतोस का' यावर ठरू लागलं. १८९१ ते १९०५ या काळात २० राज्यांत मिळून ४५ वेळा अशी कोंडी झाली.

१९०५ चं मिसुरी वाचून तर मी हसावं की रडावं या पेचात पडलो. अधिवेशन संपण्याची वेळ जवळ आलेली, सिनेटर ठरेना. वेळच पुढे जाऊ नये म्हणून काही रिपब्लिकन आमदारांनी सभागृहातलं भिंतीवरचं घड्याळ थांबवायचं ठरवलं. त्यासाठी शिडी आणली. डेमोक्रॅटांनी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकली. मग हाणामारी, पुस्तकांची फेकाफेक, जमिनीला ठोकलेली बाकं उपटली गेली, आणि शेवटी एकाने शाईच्या दौती मारून घड्याळाचा लंबक तोडला. त्यानंतर तिथून सिनेटर निवडून गेला, हे वेगळं सांगायला हवं!

लिंकन, मोंटाना, ओरेगन हे सगळं बाकी आहे. प्रतिसादांत येऊ दे.

कोकणकडा

मस्त धागा. एक शंका. आपल्याकडेही आमदारच राज्यसभेचे खासदार निवडतात, मग अशी महिनोन्‌महिने कोंडी कधीच का होत नाही? आपले आमदार जास्त समजूतदार आहेत असं कृपया म्हणू नका.

दगडी_पूल

नाही म्हणत :) फरक नियमाचा आहे. आपल्याकडे एकल संक्रमणीय मत आहे. आमदार पसंतीक्रम लिहितो. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि सहा जागा असल्या तर कोटा साधारण ४२ मतांचा. कुणी कोटा गाठला नाही तरी सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात आणि शेवटी जागा भरतेच. १० जून २०२२ आठवा. सहा जागांना सात उमेदवार, मतांवर आक्षेप, मोजणी रात्रभर रखडली. पण पहाटे निकाल हातात होता.

अमेरिकेत कुणीच बाद व्हायचा नाही. आज ज्याला सहा मतं पडली तो उद्याही सहाच मतं घेऊन उभा. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे जिंकण्याची ताकद नसली तरी इतरांना अडवण्याची पुरेपूर असायची, आणि त्या ताकदीला बाजारात भाव होता.

माधुरी_का

लिंकनचं मी लिहिते, माझा आवडता विषय.

सगळ्यांना १८५८ च्या लिंकन-डग्लस वादसभा माहीत असतात. २१ ऑगस्टला ओटावात पहिली, १५ ऑक्टोबरला ऑल्टनला शेवटची, इलिनॉयभर एकूण सात. हजारो लोक उन्हातान्हात तासन्‌तास उभे राहून ऐकत होते. पण ऐकणाऱ्यांपैकी एकालाही लिंकन किंवा डग्लसला मत देता येणार नव्हतं! मतपत्रिकेवर दोघांचीही नावं नव्हती. लोक मत देत होते आपापल्या आमदाराला. रिपब्लिकन पक्षाने जूनमध्ये स्प्रिंगफील्डच्या अधिवेशनात 'आमचा सिनेटचा उमेदवार लिंकनच' असं जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे आमदारकीची निवडणूक आपोआप या दोघांची झाली. मतदारसंघ जुन्या शिरगणतीवर आखलेले, वरच्या सभागृहातले काही सदस्य आधीच्या निवडणुकीतून बसलेले, आणि या दोन्हींचा फायदा डग्लसला झाला. जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळात मतदान झालं, डग्लस ५४, लिंकन ४६.

त्याआधीची, १८५५ ची हार मला जास्त बोलकी वाटते. पहिल्या फेरीत लिंकन चाळिसाच्या वर मतं घेऊन सगळ्यांत पुढे. लायमन ट्रम्बुल यांच्याकडे फक्त पाच. पण ते पाच जण मूळचे डेमोक्रॅट. गुलामगिरीच्या विस्ताराला लिंकनइतकेच विरोधात, तरी व्हिग (लिंकनचा तेव्हाचा पक्ष) माणसाला मत द्यायला तयार नाहीत. काही केल्या हलेनात. इकडे विरोधी गोटाने आपला उमेदवार बदलून गव्हर्नर जोएल मॅटसन यांना पुढे केलं, त्यांची मतं वाढत चालली. तेव्हा लिंकननेच आपल्या लोकांना सांगितलं, ट्रम्बुलला द्या. दहाव्या फेरीत ट्रम्बुल ५१ मतांनी निवडून आले. पाच मतांचा माणूस जिंकला आणि चाळीसवाला घरी गेला.

दगडी_पूल

माधुरीताई, फार छान. यात माझाच मुद्दा दिसतो. १८५८ मध्ये इलिनॉयच्या मतदाराने आपला आमदार रस्त्यांवर काय करणार, शाळांवर काय करणार, हे विचारलंच नाही. मत गेलं डग्लसला की लिंकनला एवढ्यावरच. राज्याची निवडणूक राज्यासाठी राहिलीच नाही.

निवांत_नाना

बाकी सगळं ठीक, पण दगडीराव तुम्ही पैशाचा मुद्दा फारच हलक्याने घेताय. मोंटाना घ्या की.

विल्यम क्लार्क, तांब्याच्या खाणींचा मालक. दुसरा खाणसम्राट मार्कस डेली याचा कट्टर वैरी. क्लार्कला काहीही करून सिनेटर व्हायचं होतं. जानेवारी १८९९ मध्ये हेलेनाला विधिमंडळ भरलं, आणि फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने सभागृहासमोर हजार-हजारच्या नोटा ठेवल्या. एकूण ३० हजार डॉलर. म्हणाला, क्लार्कच्या माणसांनी मतं विकत घ्यायला दिलेत. सगळं राज्य हादरलं, आणि तरी त्याच महिन्यात त्याच विधिमंडळाने क्लार्कला निवडून दिलं!

सिनेटच्या समितीने चौकशी करून ही निवड वैध नाही असा निष्कर्ष काढला. हकालपट्टी व्हायच्या आधी, १५ मे १९०० ला, क्लार्कने राजीनामा दिला. इथपर्यंत आपल्यालाही ओळखीचं वाटेल. पुढचं ऐका. गव्हर्नर क्लार्कच्या विरोधातला, त्याला काहीतरी कामाच्या निमित्ताने राज्याबाहेर कॅलिफोर्नियाला धाडलेलं. तो नसताना अधिकार आले लेफ्टनंट गव्हर्नरकडे, आणि तो क्लार्कचा माणूस. त्याने रिकाम्या झालेल्या जागेवर कुणाची नेमणूक केली? क्लार्कचीच. ज्याच्या राजीनाम्याने जागा रिकामी झाली तोच. गव्हर्नर धावत परत आला, नेमणूक रद्द करून दुसऱ्याला नेमलं. सिनेटने दोघांपैकी कुणालाच बसवलं नाही. आणि १९०१ मध्ये नवं विधिमंडळ आलं, त्याने क्लार्कला रीतसर निवडून सहा वर्षांसाठी पाठवलं.

आपल्याकडच्या घोडेबाजाराला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

विल्मिंग्टनकर

मी डेलावेअरमध्ये राहतो, त्यामुळे आमच्या राज्याची लाज मीच सांगतो.

डेलावेअरचं विधिमंडळ तेव्हा अवघं ३० जणांचं. १८९५ मध्ये ११४ दिवसांत २१७ फेऱ्या घेऊनही सिनेटर ठरला नाही. कारण जे. एडवर्ड अॅडिक्स नावाचे गृहस्थ. मूळचे फिलाडेल्फियाचे, गॅस कंपन्यांतून पैसा केलेला. त्यांनी राज्यातल्या रिपब्लिकन पक्षात स्वतःचा एक गट पोसला होता. तो गट बहुमताएवढा कधीच नव्हता, पण त्याच्याशिवाय बहुमतही होत नव्हतं. 'मी, नाही तर कुणीच नाही' हे त्यांचं धोरण.

त्या वर्षीचा शेवटचा दिवस तर कादंबरीत शोभेल. मधेच गव्हर्नर वारले होते. नियमाप्रमाणे राज्याच्या वरच्या सभागृहाचे सभापती गव्हर्नर झाले. पण शेवटच्या फेरीला हे महाशय सभागृहात येऊन बसले आणि त्यांनी आमदार म्हणून मत टाकलं. त्यांचं मत धरलं तर एकूण ३०, आणि हेन्री डु पाँट यांना मिळालेली १५ मतं बहुमताला एक कमी. ते धरलं नाही तर २९ पैकी १५, म्हणजे डु पाँट निवडून आले. गव्हर्नर असलेला माणूस आमदार म्हणून मत देऊ शकतो का? हा तंटा वॉशिंग्टनला गेला आणि १८९६ मध्ये सिनेटने ३१ विरुद्ध ३० मतांनी डु पाँट यांना बसवायचं नाकारलं. म्हणजे तिथेही एकाच मताने!

अॅडिक्स मात्र हटले नाहीत. १८९९ मध्ये एक जागा रिकामी झाली ती भरली नाही. १९०१ मध्ये दुसरीही गेली. १९०१ ते १९०३ दोन्ही जागा रिकाम्या, सिनेटमध्ये डेलावेअरचं कुणीच नाही. ज्या डिकिन्सन यांनी ही पद्धत सुचवली त्यांचंच हे राज्य. १९०३ ला तडजोड होऊन एक अॅडिक्सच्या गटाचा, एक विरोधी गटाचा असे दोघं गेले. अॅडिक्स स्वतः कधीच सिनेटर झाले नाहीत, डु पाँट १९०६ मध्ये झाले.

कोकणकडा

नाना, विल्मिंग्टनकर, काय एकेक माणसं! आता दगडीराव तुम्हीच सांगा, हे सगळं अॅडिक्सच्या पैशाने झालं की नियमाने?

दगडी_पूल

दोन्हींनी, पण प्रमाण बघा. १८६६ ते १९०६ या चाळीस वर्षांत लाचखोरीची नऊ प्रकरणं सिनेटपुढे आली. न आलेली असणारच, मान्य. कोंड्या मात्र त्यातल्या शेवटच्या पंधरा वर्षांतच ४५. पैसेवाल्याला तीस जणांतले आठ-दहा धरून ठेवले की राज्य अडवता येतं, हे नियमाने शक्य केलं. अॅडिक्स राज्यसभेला उभे असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते, नाही तर एक जागा घेऊन गप्प झाले असते.

आता ओरेगन, कारण सुटकेची वाट तिथून निघाली. १८९७ मध्ये ओरेगनात सिनेटर जॉन मिचेल यांची फेरनिवड होऊ नये म्हणून विरोधकांनी खालचं सभागृह स्थापनच होऊ दिलं नाही. गणसंख्याच पुरी होईना. आमदारांना एकत्र ठेवून त्यांची सरबराई करण्यात जोनाथन बोर्न हे रिपब्लिकन पुढारी आघाडीवर होते (रिसॉर्ट आपण शोधलं नाही, एवढं समाधान). सगळं अधिवेशन असंच गेलं. एक कायदा नाही, खर्चाला मंजुरी नाही. सिनेटची जागाही अर्थात रिकामी.

या अडवणुकीत विल्यम यू'रेन नावाचा एक आमदारही होता. त्याला हवं होतं ते म्हणजे लोकांना स्वतः कायदा मांडण्याचा आणि त्यावर मत देण्याचा अधिकार. १९०२ मध्ये ओरेगनने तो आणला, आणि १९०४ मध्ये त्याच मार्गाने प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला. त्यात खुबी अशी. सिनेटर निवडणार विधिमंडळच, घटना बदलायची ताकद राज्याकडे नाही. पण आमदारकीच्या उमेदवाराने आधीच लिहून द्यायचं की 'लोकांच्या मतदानात जो पुढे असेल, पक्ष न पाहता मी त्यालाच मत देईन'. याला 'निवेदन क्रमांक एक' म्हणत. न लिहून देण्याची मोकळीक होती, पण मग मतदार बघून घेत.

कसोटी १९०९ मध्ये लागली. लोकांचा कौल डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना, विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं. आणि त्या रिपब्लिकन विधिमंडळाने चेंबरलेन यांना निवडून दिलं. १९१२ पर्यंत २९ राज्यांत प्राथमिक किंवा सार्वत्रिक निवडणुकीतून लोकच सिनेटर ठरवू लागले होते. म्हणजे घटना बदलली तेव्हा बऱ्याच ठिकाणी विधिमंडळाकडे उरला होता नुसता शिक्का.

ओरेगनच्या नव्या पद्धतीतून लोकांच्या कौलाने सगळ्यांत आधी, १९०७ मध्ये, निवडून आला तो कोण माहीत आहे? तेच जोनाथन बोर्न!

संसदगप्पा

सिनेटने स्वतःविरुद्धची घटनादुरुस्ती (१७ वी, सिनेटर थेट लोकांनी निवडण्याची) मंजूर कशी केली हेही सांगा कुणी. खालच्या सभागृहाने १८९३ पासून अनेकदा दोन-तृतीयांश मतांनी ठराव करून पाठवला, सिनेट तो दाबून ठेवायची. दोन गोष्टींनी दाब आला. एक, राज्यं स्वतंत्र घटना परिषद बोलावण्याची मागणी करू लागली. तशी परिषद भरली तर ती आणखी काय काय बदलेल याचा नेम नव्हता. आणि दुसरं, लॉरिमर प्रकरण. विल्यम लॉरिमर १९०९ मध्ये इलिनॉयमधून असेच लांबलेल्या कोंडीनंतर निवडून आले. पुढच्या वर्षी चार्ल्स व्हाइट या आमदाराने शिकागो ट्रिब्यूनमध्ये कबुली दिली की लॉरिमरना मत द्यायचे मला हजार डॉलर मिळाले. मार्च १९११ मध्ये सिनेटने त्यांना वाचवलं, जुलै १९१२ मध्ये त्याच सिनेटने ५५ विरुद्ध २८ मतांनी निवड रद्द केली. मधल्या वर्षभरात दुरुस्ती मंजूर झाली होती.

शेवंता_७

या दुरुस्तीची दुसरी बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. 'लोकांनी निवडावं' हे ठीक, पण कोणत्या लोकांनी? १९११ साली दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानातून जवळजवळ हुसकावून लावलेलं होतं. दुरुस्तीच्या मसुद्यात दक्षिणी खासदारांनी एक पुस्ती जोडली होती की सिनेटच्या निवडणुकीवर केंद्राची देखरेखच नसावी. कॅन्ससच्या जोसेफ ब्रिस्टो यांनी ती काढणारी उपसूचना आणली. मतं समसमान पडली, उपाध्यक्ष जेम्स शर्मन यांच्या निर्णायक मताने ती संमत झाली. म्हणून दक्षिणेतले बरेच जण अखेरीस नाराज होते.

आणि हे बघा. देशाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर हायरम रेव्हल्स, १८७० मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने निवडलेले. दुसरे ब्लँच ब्रूस, तेही मिसिसिपीच्याच विधिमंडळाने निवडून १८७५ मध्ये गेले. लोकांच्या थेट मतांनी निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रुक, १९६६. मधे नव्वदेक वर्षं.

निवांत_नाना

शेवंताताई, हे माहीत नव्हतं. त्या विधिमंडळात तेव्हा स्वतः कृष्णवर्णीय आमदार होते, हेही त्यामागचं कारण असणार.

पण मला आता उलट प्रश्न पडलाय. अमेरिकेत काही लोक म्हणतात १७ वी दुरुस्ती रद्द करा, सिनेटर पुन्हा राज्यांकडे द्या, म्हणजे केंद्र नियंत्रणात राहील. २००४ मध्ये जॉर्जियाच्या झेल मिलर यांनी सिनेटमध्ये तसा ठरावच मांडला होता. यात अगदीच तथ्य नाही का?

दगडी_पूल

मला फारसं वाटत नाही. १७८७ च्या आधीच्या व्यवस्थेत राज्याला आपला प्रतिनिधी हवा तेव्हा परत बोलावता यायचा. नव्या घटनेत ते काढून टाकलं. एकदा पाठवला की सहा वर्षं तो मोकळा. काही विधिमंडळं सिनेटरना 'असं मत द्या' म्हणून आदेश पाठवायची. १८३६ मध्ये व्हर्जिनियाने जॉन टायलर यांना असाच आदेश दिला, त्यांना तो पटला नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. पण हा टायलर यांचा स्वतःचा सभ्यपणा. नसता दिला तर विधिमंडळ काहीच करू शकत नव्हतं. म्हणजे राज्याच्या हाती लगाम नव्हताच, होती फक्त दर दोन-तीन वर्षांनी येणारी भांडणाची एक सबब.

संसदगप्पा

शिवाय रद्द करणार कोण? ती दुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांनीच संमत केली ना. मे १९१२ मध्ये ती राज्यांकडे गेली आणि ८ एप्रिल १९१३ ला कनेक्टिकटच्या मंजुरीने तीन-चतुर्थांश पुरे झाले. अकरा महिन्यांच्या आत! आमदारांनी आपला हक्क इतक्या भरभर सोडला, यावरून त्यांना त्याचा किती जाच झाला असेल ते कळतं. ३१ मे रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी ती लागू झाल्याचं जाहीर केलं, आणि ब्रायन कित्येक वर्षं याच मागणीसाठी भाषणं देत फिरले होते.

माधुरी_का

मधेच जागा रिकामी झाली तर आता काय करतात? पोटनिवडणूक?

विल्मिंग्टनकर

पोटनिवडणूक होतेच, पण विधिमंडळाने परवानगी दिली असेल तर तोपर्यंत गव्हर्नर तात्पुरता सिनेटर नेमू शकतो. बहुतेक राज्यांत तशी परवानगी आहे. २००८ मध्ये ओबामा अध्यक्षपदी निवडून आले आणि इलिनॉयची त्यांची जागा रिकामी झाली. ती नेमणूक विकायला काढल्याच्या आरोपावरून गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. लिंकन आणि लॉरिमर यांचं तेच राज्य.

निवांत_नाना

म्हणजे आधी शंभरेक जणांना पटवावं लागायचं, आता एकाला. काम सोपं झालं म्हणा की!